पाठीराखा डॉक्टर : सर लुडविग गुटमन

मंडळाच्या स्मरणिकेत दरवर्षी एका थोर व्यक्तीचे चरित्र द्यावे, हा आपला जुना प्रघात आहे. सावित्रीबाई झाल्या, रमाबाई रानडे झाल्या, आनंदीबाई जोशी झाल्या. यंदा चिटणीसबाईंनी हे काम माझ्याकडे सोपविले. मी जन्मभर परिचारिकेचे काम केले असल्यामुळे फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंवर लिहीन अशी त्यांची अपेक्षा होती. त्या माउलीविषयी मला आदर आहेच. पण त्यांचे चरित्र शाळेच्या पुस्तकांमुळे घरोघरी पोहोचले आहे. म्हणून मी अशा एका डॉक्टरचे चरित्र निवडले आहे, की ज्याचे नाव जगभर गाजले, पण आपल्या माजघरापर्यंत फारसे आले नाही. पाठीचा कणा मोडून कमरेखाली लुळ्या झालेल्या माणसांना ज्याने मरणाच्या दारातून परत आणले, आणि तेही बहुतांशी शस्त्राने नव्हे तर शुश्रूषेने, ते सर लुडविग गुटमन यांचे हे चरित्र आहे.

आपल्या भागात ही दुखापत नवी नाही. चिंचा झोडताना फांदीवरून पडलेला गडी, विहिरीचे काम करताना दोर तुटून खाली गेलेला मजूर, बांधकामाच्या परांचीवरून घसरलेली बाई, जालना रस्त्यावर मोटारसायकलवरून फेकला गेलेला तरुण मुलगा, अशी माणसे मी नोकरीच्या काळात कितीतरी पाहिली. पैठण, गंगापूर, कन्नड, सिल्लोड, कोठून कोठून त्यांना जीपमध्ये किंवा टेम्पोत घालून शहरात आणीत. सोबतच्या माणसांचा पहिला प्रश्न, हा वाचेल का? आणि दुसरा, हा चालेल का? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा नाही असेच असे. पण पहिल्याचे उत्तर होय असे देता येते, ते गुटमन यांच्यामुळे. त्यांच्या आधी ते कोणी छातीठोकपणे देत नव्हते.

हे समजण्यासाठी शरीराची थोडी माहिती घेऊ. आपल्या पाठीच्या मणक्यांच्या पोकळीतून मज्जारज्जू नावाची एक दोरी मेंदूपासून कमरेपर्यंत उतरते. हातपाय हलविण्याचे हुकूम तिच्यातून खाली जातात आणि स्पर्श, वेदना, उष्णता यांच्या बातम्या तिच्यातूनच वर येतात. कणा मोडून ही दोरी चेचली, की त्या जागेखालचा सारा मुलूख तुटतो. पाय हलत नाहीत, हे सर्वांना दिसते. पण जे दिसत नाही ते अधिक घातक असते. आपण झोपेत सुद्धा नकळत कूस बदलतो, कारण एका अंगावर भार पडला की ते अंग दुखू लागते. या रुग्णाला ते दुखणेच कळत नाही. हाड आणि अंथरूण यांच्यामध्ये कातडी दबून राहते, तिला रक्त मिळत नाही, आणि काही तासांत ती मरू लागते. माकडहाडावर, खुब्यावर, टाचेवर प्रथम लाली दिसते, मग फोड येतो, मग हाडापर्यंत जाणारी जखम होते. दुसरीकडे लघवी भरल्याची जाणीव नसते. ती तुंबून सडते आणि मूत्रपिंडांपर्यंत विष चढते. माणूस मरे तो या दोन कारणांनी. मोडलेला कणा निमित्तमात्र असे.

लुडविग गुटमन यांचा जन्म 3 जुलै 1899 रोजी टोस्ट नावाच्या गावी एका यहुदी कुटुंबात झाला. हे गाव तेव्हा जर्मनीच्या सायलेशिया प्रांतात होते. आज ते पोलंडमध्ये आहे. लुडविग लहान असतानाच कुटुंब जवळच्या क्योनिग्सह्यूट या गावी राहावयास गेले. तो सगळा मुलूख दगडी कोळशाच्या खाणींचा. खाणीत अपघात नित्याचे, म्हणून गावात अपघातग्रस्तांसाठी रुग्णालय होते. पहिले महायुद्ध चालू असताना, 1917 साली, अठराव्या वर्षी लुडविग त्या रुग्णालयात मदतनीस म्हणून काम करू लागला.

तेथे एके दिवशी एक धट्टाकट्टा तरुण खाणकामगार आणला गेला. त्याचा कणा मोडला होता आणि कमरेखालचे अंग लुळे पडले होते. त्याच्या खाटेभोवती पडदे लावले गेले. लुडविग त्याची हकीकत टिपून घेऊ लागला, तेव्हा डॉक्टरांनी त्याला सांगितले, की फार लिहीत बसू नये, हा माणूस काही आठवड्यांत जाणार. आणि तसेच झाले. पाचव्या आठवड्यात जखमा आणि लघवीतला दोष रक्तात भिनून तो गेला. तेव्हाच्या वैद्यकात हा क्रम इतका ठरलेला होता, की त्यात कोणाचे चुकले असे कोणालाच वाटत नसे. पण त्या मुलाच्या मनातून तो खाणकामगार कधी गेला नाही. पुढे म्हातारपणीही गुटमन त्याची आठवण सांगत असत.

1918 मध्ये त्यांनी ब्रेस्लाउ शहरी वैद्यकाचा अभ्यास सुरू केला आणि 1924 मध्ये ते डॉक्टर झाले. ब्रेस्लाउला ओटफ्रिड फर्स्टर नावाचे मज्जासंस्थेचे जगप्रसिद्ध तज्ज्ञ होते. त्यांच्या हाताखाली गुटमन तयार झाले. गुरू कडक, काम पहाटेपासून रात्रीपर्यंत. पण शिष्यही तसाच चिवट. विवाह झाला, एल्सबाईंसारखी सहचारिणी लाभली, एक मुलगा आणि एक मुलगी झाली. मज्जासंस्थेच्या तरुण डॉक्टरांमध्ये त्यांचे नाव घेतले जाऊ लागले.

इतक्यात 1933 साल उजाडले. हिटलर सत्तेवर आला आणि यहुदी डॉक्टरांना सरकारी रुग्णालयांतून काढून टाकण्यात आले. गुटमन यांची जागा गेली. परदेशातून बोलावणी येत होती, पण हे दिवस जातील या आशेने ते राहिले आणि ब्रेस्लाउच्या यहुदी रुग्णालयात काम करू लागले. 1937 मध्ये ते त्या रुग्णालयाचे प्रमुख झाले. यहुद्यांना बाहेर उपचार बंद झाल्यामुळे त्या एका रुग्णालयावर साऱ्या समाजाचा भार पडला होता.

9 नोव्हेंबर 1938 च्या रात्री जर्मनीभर यहुद्यांची प्रार्थनामंदिरे जाळण्यात आली, दुकाने फोडण्यात आली आणि पुरुषांची धरपकड सुरू झाली. त्या रात्री गुटमन यांनी आपल्या लोकांना हुकूम दिला, की दाराशी येईल त्या माणसाला काही न विचारता दाखल करून घ्यावे. सकाळी गुप्त पोलिसांचे अधिकारी येऊन उभे राहिले. एका रात्रीत इतके रुग्ण कोठून आले, याचा जाब त्यांनी मागितला. गुटमन त्यांना घेऊन खाटेखाटेशी फिरले आणि प्रत्येक माणसाला त्यांनी काही ना काही गंभीर आजार सांगितला. त्या रात्री दाखल केलेल्या 64 जणांपैकी 60 जण अटकेतून वाचले. रुग्णशय्येचा असाही उपयोग होतो, हे त्या रात्री दिसले. सापडले असते तर ते स्वतः छळछावणीत गेले असते.

त्यानंतर मात्र देशात राहणे शक्य नव्हते. 1939 च्या मार्च महिन्यात पत्नी व दोन्ही मुलांना घेऊन ते इंग्लंडला पोहोचले. वय चाळिशीला टेकलेले, भाषा परकी, गाठीला पैसा नाही. निर्वासित विद्वानांना मदत करणाऱ्या एका संस्थेने आधार दिला आणि ऑक्सफर्डला संशोधनाची जागा मिळाली. कपाळी प्रयोगशाळा आली म्हणून दुसरा कोणी समाधान मानून राहिला असता. गुटमन यांचा जीव मात्र रुग्णांसाठी तुटत होता. ज्या हातांनी इतकी माणसे बरी केली, ते हात चार वर्षे जवळजवळ कागदपत्रांतच गुंतून पडले.

दुसऱ्या महायुद्धात फ्रान्सच्या किनाऱ्यावर सैन्य उतरविण्याची तयारी सुरू झाली, तेव्हा कणा मोडलेले सैनिक मोठ्या संख्येने येणार, हे इंग्रज सरकारला दिसू लागले. त्यांच्यासाठी स्वतंत्र विभाग काढावयाचे ठरले आणि जॉर्ज रिडॉक या डॉक्टरांनी गुटमन यांना त्याचे प्रमुखपद देऊ केले. दुसऱ्या कोणाला हे काम नकोसे होते, कारण ज्या रोगात यश नाही त्याचा वैद्य होण्यात मान कसला? गुटमन यांनी एकच अट घातली. आपल्या पद्धतीने काम करण्याची पूर्ण मोकळीक हवी. ती मिळाली, आणि 1 फेब्रुवारी 1944 रोजी लंडनच्या वायव्येस आइल्सबरी गावाजवळच्या स्टोक मँडेव्हिल रुग्णालयात हा विभाग सुरू झाला. युद्धकाळात घाईने उभारलेल्या बैठ्या बराकी, अपुरी माणसे, अपुरे साहित्य, अशा स्थितीत काम सुरू झाले.

आता मी ज्या भागावर अधिक लिहिणार आहे, तो हाच. कारण येथे डॉक्टर गुटमन यांनी जे केले, ते आपल्या घरातल्या बाईला कळण्यासारखे आणि करण्यासारखे आहे.

पहिली गोष्ट, त्यांनी प्लास्टर काढून टाकले. कणा जुळावा म्हणून तेव्हा रुग्णांना छातीपासून कमरेखाली प्लास्टरमध्ये जखडून पाठवीत. त्या साच्याखाली कातडी सडत असे आणि कोणाला पत्ता लागत नसे. गुटमन यांनी रुग्णाला मऊ आधारांवर, उशांवर, हाडाचा उंचवटा अधांतरी राहील अशा बेताने निजविले.

दुसरी गोष्ट, कूस. प्रत्येक रुग्णाची कूस दर दोन तासांनी बदललीच पाहिजे, दिवसा आणि रात्रीही, असा त्यांनी नियम घातला. तीन-चार जणांनी मिळून मान, पाठ आणि कंबर एका रेषेत ठेवून ओंडका वळवावा तसे रुग्णाला वळवावयाचे, कातडी निरखावयाची, चादरीची सुरकुती काढावयाची, अंग कोरडे करावयाचे, आणि दोन तासांनी पुन्हा तेच. ऐकावयास हे किती सोपे! पण रात्री दोन वाजता आणि चार वाजता, महिनोन्महिने, एकदाही न चुकता हे करणे म्हणजे तपश्चर्या आहे. आरंभी कर्मचाऱ्यांना हा हट्ट वाटला. आधीच माणसे कमी, त्यात मरणाऱ्या माणसाला वळवून काय उपयोग, अशी कुरकुर होई. तेव्हा गुटमन स्वतः अपरात्री वॉर्डात येऊन उभे राहू लागले. कोणाची कूस राहिली असली तर त्यांचा राग अनावर होई. स्वभावाने ते तापट आणि हुकमत गाजविणारे होते, हे त्यांच्या चाहत्यांनीही लपविलेले नाही. पण जखमा भरू लागल्या, नव्या जखमा होईनाशा झाल्या, तसतशी कुरकुर थांबली. ज्या रुग्णांना सडण्याचा वास येत असे म्हणून बाजूला ठेवीत, ते आरशात पाहून दाढी करू लागले.

तिसरी गोष्ट, मूत्राशय. पोटाला भोक पाडून कायमची नळी बसविण्याची रीत त्यांना पसंत नव्हती. ठरावीक वेळाने निर्जंतुक नळी घालावी, मूत्राशय रिकामे करावे आणि नळी काढून घ्यावी, ही पद्धत त्यांनी काटेकोरपणे चालविली. सुरुवातीला हे काम ते परिचारकांवर न सोपविता डॉक्टरांकडून करवून घेत, इतके ते जंतूंना भीत. 1966 मध्ये त्यांनी फ्रँकेल या सहकाऱ्यासह 476 रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला आणि ही पद्धत जगाने उचलली. 1970 नंतर त्यात आणखी सुधारणा होऊन रुग्ण स्वच्छ हात धुऊन स्वतःच नळी घालू लागले. आज आपल्याकडेही सिस्टर रुग्णाला व घरच्यांना हे शिकवितात. त्याची लाज वाटण्याचे कारण नाही. दात घासण्यासारखे ते एक नित्यकर्म आहे.

चौथी गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते, म्हणून मुद्दाम लिहिते. छातीच्या वरच्या भागात किंवा मानेत कणा दुखावला असेल, तर नळी तुंबून मूत्राशय भरले किंवा शौच साठले, की रुग्णाचे डोके एकाएकी फुटल्यासारखे दुखते, चेहरा लाल होतो, घाम सुटतो आणि रक्तदाब भलताच चढतो. मूत्राशय भरण्याचा आणि या रक्तदाबाचा संबंध गुटमन व व्हिटरिज यांनी 1947 मध्ये नीट मांडला. अशा वेळी डोकेदुखीची गोळी शोधीत बसू नये. रुग्णाला ताबडतोब बसते करावे, कपडे सैल करावे, नळी मुडपली आहे का, पिशवी भरली आहे का ते पाहावे, आणि उतार पडला नाही तर तत्काळ रुग्णालय गाठावे. यात हयगय झाल्यास जीव जाऊ शकतो.

युद्धाच्या अखेरीस पेनिसिलीन मिळू लागले, त्याचाही मोठा हातभार लागला. परंतु औषध एकटे पुरे पडत नाही. जखम होऊ न देणारा हात आधी हवा.

माझ्या कामात मला पैठणकडच्या एका शेतकरी तरुणाची बायको भेटली होती. वय वीस-बावीस, अक्षरओळख जेमतेम. नवरा झाडावरून पडून लुळा झालेला. सिस्टरने दाखविल्याप्रमाणे तिने कूस बदलण्याचे काम अंगावर घेतले. घरी गेल्यावर तिने गजराचे घड्याळ उशाशी ठेवले. दिवसा सासूबाई आणि दीर, रात्री ती. भिंतीवर कोळशाने रेघा ओढून ती पाळी मोजीत असे. वर्षाने तपासणीसाठी त्याला आणले तेव्हा त्याच्या पाठीवर एकही डाग नव्हता, आणि घराच्या ओसरीवर त्याने किराणा मालाचे दुकान मांडले होते. त्या बाईने गुटमन यांचे नाव कधी ऐकले नसेल. पण त्यांची खरी शिष्या ती, असे मला वाटते.

माणूस वाचला, आता पुढे काय? येथे गुटमन इतर डॉक्टरांच्या पुढे गेले. नुसते खाटेवर जिवंत ठेवणे त्यांना पटत नव्हते. जखम भरताच रुग्णाला बसवावयाचे, हातांचे आणि खांद्यांचे बळ वाढवावयाचे, चाकांच्या खुर्चीत घालावयाचे. रुग्णालयातच सुतारकाम, घड्याळदुरुस्ती, टंकलेखन असे वर्ग त्यांनी सुरू केले. सकाळी खाटेवर पडून छताकडे पाहत राहण्याची कोणाला मुभा नव्हती. बरा झालेला माणूस कर भरणारा नागरिक व्हावा, असा त्यांचा ध्यास होता. रुग्ण त्यांना प्रेमाने पॉपा, म्हणजे बाबा, म्हणू लागले. रागावणारा, पण पाठ न सोडणारा बाप.

आणि मग खेळ. रुग्ण खुर्च्या पळवीत काठीने चेंडू मारताना त्यांना दिसले आणि त्यातून खुर्चीवरचा पोलो सुरू झाला. तो धोक्याचा ठरला, म्हणून पुढे जाळ्यात चेंडू टाकण्याचा खेळ आला. धनुर्विद्या तर या रुग्णांना फारच मानवली, कारण तिने खांदे आणि पाठ बळकट होते आणि धडधाकट माणसाशी बरोबरीने स्पर्धा करता येते. 29 जुलै 1948 रोजी, लंडनला ऑलिंपिकचे उद्घाटन होत होते त्याच दिवशी, स्टोक मँडेव्हिलच्या हिरवळीवर चाकांच्या खुर्च्यांतल्या 16 जणांनी धनुर्विद्येची स्पर्धा केली. त्यांत 14 पुरुष आणि 2 स्त्रिया होत्या. हिरवळीवरचा तो छोटासा मेळावा एक दिवस ऑलिंपिकच्या तोडीचा होईल, असे गुटमन बोलून दाखवीत, तेव्हा ऐकणारे हसत.

1952 मध्ये हॉलंडचे खेळाडू आले आणि सामने आंतरराष्ट्रीय झाले. 1956 मध्ये ऑलिंपिक समितीने मानाचा चषक देऊन या कार्याचा गौरव केला. 1960 मध्ये रोमला ऑलिंपिक झाले, त्याच शहरात त्यानंतर 23 देशांच्या सुमारे 400 अपंग खेळाडूंचे सामने झाले. आज ज्यांना आपण पॅरालिंपिक म्हणतो, त्यांतले हे पहिले. त्या सामन्यांत मार्गारेट मॉन या इंग्रज बाईने धनुर्विद्येत सुवर्णपदक मिळविले. आफ्रिकेत मोटार अपघातात कणा मोडल्यानंतर जेमतेम वर्षभराने! त्यांची शुश्रूषा स्टोक मँडेव्हिललाच झाली होती. पुढे 2012 मध्ये लंडनच्या पॅरालिंपिकची ज्योत पेटविण्याचा मान याच बाईंना मिळाला.

आपल्या महाराष्ट्राचा धागाही या कथेत गुंफला आहे. सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर हे सैन्यातले मुष्टियोद्धे. 1965 च्या युद्धात त्यांच्या अंगात गोळ्या शिरल्या, एक कण्यात रुतली आणि कमरेखालचे अंग गेले. उपचार म्हणून ते पोहू लागले. 1972 मध्ये जर्मनीतल्या हायडेलबर्ग येथे झालेल्या सामन्यांत 50 मीटर पोहण्याचे अंतर त्यांनी 37.33 सेकंदांत कापले आणि भारताला पॅरालिंपिकचे पहिले सुवर्णपदक मिळवून दिले. ज्या जर्मनीने गुटमन यांना हाकलून दिले, त्याच जर्मनीत, त्यांनीच सुरू केलेल्या सामन्यांत, एका मराठी जवानाच्या गळ्यात सुवर्णपदक पडले. 2018 मध्ये सरकारने पेटकरांना पद्मश्री दिली. एव्हरेस्टवर चढलेले मेजर अहलुवालिया हेही 1965 च्या युद्धात मानेत गोळी लागून लुळे झाले. त्यांच्यावर स्टोक मँडेव्हिलमध्ये उपचार झाले आणि परतल्यावर त्यांनी दिल्लीला कण्याच्या दुखापतींसाठी मोठे रुग्णालय उभारले. आपल्या पुण्याजवळ खडकीला 1974 पासून लुळ्या झालेल्या जवानांचे पुनर्वसन केंद्र आहे. तेथले जवान खेळतात आणि काम करतात. ज्या हिरवळीवर 16 जणांनी बाण सोडले, तेथून निघालेली ही वाट आहे.

गुटमन यांना मानसन्मान पुष्कळ मिळाले. ते ब्रिटिश नागरिक झाले. 1966 मध्ये सर ही पदवी मिळाली. 1976 मध्ये रॉयल सोसायटीचे सभासदत्व मिळाले. त्यांनी 1963 मध्ये या विषयाचे नियतकालिक सुरू करण्यात पुढाकार घेतला आणि 1973 मध्ये कण्याच्या दुखापतींवर मोठा ग्रंथ लिहिला. देशोदेशीचे डॉक्टर आणि परिचारिका स्टोक मँडेव्हिलला येऊन शिकून गेल्या. 1969 मध्ये अपंगांसाठी तेथे स्वतंत्र क्रीडागार उभे राहिले. निवृत्तीनंतरही ते स्वस्थ बसले नाहीत. 18 मार्च 1980 रोजी, ऐंशीव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. अठराव्या वर्षी पडद्याआड मरणारा एक खाणकामगार पाहिलेल्या मुलाने हजारो खाटांभोवतीचे पडदे दूर केले होते.

भगिनींनो, थोरांची चरित्रे वाचून आपण हात जोडतो आणि पुस्तक मिटतो. या चरित्राच्या बाबतीत तसे होऊ नये, एवढीच माझी विनंती आहे. चार साध्या गोष्टी आपण गाठीशी बांधाव्या.

कोणी उंचावरून पडले किंवा रस्त्यावर फेकले गेले, तर घाईने बखोटीला धरून उठवू नये, पाठीवर टाकून नेऊ नये, पाणी पाजण्यासाठी मान वाकवू नये. 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. हलविणे भागच असेल तर चार जणांनी मान, पाठ आणि कंबर एका रेषेत ठेवून सपाट फळीवर किंवा दरवाजाच्या पाखीवर घ्यावे. अर्धवट दुखावलेली मज्जारज्जू चुकीच्या उचलण्याने पुरती तुटू शकते.

घरी असा रुग्ण असेल तर निजलेला असताना दर दोन तासांनी कूस बदलावी, आणि खुर्चीत असेल तर त्याला दर पंधरा-वीस मिनिटांनी हातांवर अंग उचलावयास लावावे. सकाळ-संध्याकाळ माकडहाड, खुबे, घोटे, टाचा डोळ्यांनी पाहाव्या. लाली दिसली आणि बोटाने दाबूनही ती जात नसली, तर त्या अंगावर भार देणे बंद करावे. तेथे चोळू नये. हवेची गादी मिळाली तर उत्तमच, पण गादी आली म्हणून कूस चुकवू नये. गरम पाण्याची पिशवी किंवा शेक त्या अंगाला कधीही देऊ नये. भाजले तरी त्याला कळत नाही.

त्याला पडद्याआड ठेवू नये. घराच्या उंबऱ्याला उतार करून द्यावा, हाताला काम द्यावे, हिशेब विचारावा, सल्ला घ्यावा. लग्नकार्याला त्याची खुर्ची पुढच्या रांगेत असावी.

आणि शेवटची गोष्ट खास आपल्या मंडळासाठी आहे. रमाबाई रानड्यांनी पुण्याच्या सेवासदनातून आपल्या घरंदाज मुलींना शुश्रूषेच्या शिक्षणाकडे वळविले, तेव्हा त्यांना बोल लावणारे थोडे नव्हते. आज परिचारिकेचा मान वाढला आहे. परंतु घरात रात्रंदिवस शुश्रूषा करणाऱ्या बाईला कोणी परिचारिका म्हणत नाही. तिला ना सुट्टी, ना पगार, ना झोप. कूस दर दोन तासांनी बदलावयाची म्हणजे ती सलग दोन तासांपलीकडे कधी निजत नाही. आपल्या प्रत्येक गल्लीत अशी एखादी वहिनी, एखादी काकू असेलच. आपण सभासदांनी पाळी लावून आठवड्यातून एक दुपार तिच्या घरी जावे, तिने दाखविल्याप्रमाणे कूस बदलावी आणि तिला चार तास झोपू द्यावे. हळदीकुंकवाच्या वाणासाठी जमणाऱ्या वर्गणीतून एक हवेची गादी आणि एक चाकांची खुर्ची घेऊन मंडळाच्या खोलीत ठेवावी, म्हणजे ज्या घरी अडचण येईल त्या घरी ती तत्काळ देता येईल. ह्या सूचनेवर येत्या बैठकीत विचार व्हावा, अशी कार्यकारिणीला माझी नम्र विनंती आहे. पहिल्या पाळीसाठी माझे नाव लिहून घ्यावे.